नाकापेक्षा मोती जड नको : जुन्या स्पोर्ट्स कारसाठी इंजिन निवडताना

जुनी स्पोर्ट्स कार उघडून बसलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येकजण एकच विचारतो, "मग, किती हॉर्सपॉवरचं टाकणार?" हा प्रश्न शेपटाकडून धरलेला आहे. तो तसा का, हे सांगायला एमजीच्या दोन गाड्या पुरतात.

१९६७ मध्ये एमजीने आपल्या एमजीबीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवून एमजीसी आणली. ताकद ९५ च्या घरातून १४५ बीएचपीवर गेली. पण हे इंजिन आधीच्या चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड होतं. ते मावावं म्हणून पुढचं सस्पेन्शन बदलून टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) घालावे लागले, बॉनेटला फुगवटा द्यावा लागला. एवढं करूनही वळणावर गाडीचं नाक बाहेर जातं ही तक्रार तिला चिकटली ती चिकटलीच. १९६९ मध्ये ती बंद झाली. मग १९७३ मध्ये एमजीबी जीटीत ॲल्युमिनियमचं ३५२८ सीसीचं रोव्हर व्ही८ आलं. ताकद १३७ बीएचपी, म्हणजे कागदावर एमजीसीपेक्षा कमीच. पण आठ सिलिंडर असूनही ते एमजीबीच्या चार सिलिंडरच्या जुन्या लोखंडी इंजिनापेक्षा साधारण १८ किलोच जास्त भरत होतं. चालवणाऱ्यांनी कौल कोणाला दिला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून या लेखात हॉर्सपॉवर मागे ठेवली आहे. गाडीचं नाक किती भार उचलेल, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंतची साखळी काय सोसेल आणि तुम्हाला गाडी कशाला हवी आहे, या तीन गोष्टी आधी. त्या ठरल्या की इंजिन जवळजवळ आपोआप ठरतं.

१. आधी कागदावर

गाडी कशी आणि किती चालणार आहे ते लिहून काढा. महिन्यातून दोनदा मोकळ्या रस्त्यावर फेरी, लांबचे प्रवास, घाटातली मजा की ट्रॅक? ट्रॅकसाठी वरच्या आरपीएमला जीव असलेलं इंजिन चालतं. तेच इंजिन शहरातल्या गर्दीत दर सिग्नलला बंद पडतं. प्रवासाला खालून ओढणारं, शांत आणि थंड राहणारं इंजिन लागतं. "सगळंच हवं" असं लिहिलंत तर कागद फाडा आणि पुन्हा बसा.

दुसरी नोंद इंजिन नंबरची. कारखान्यातून गाडी ज्या इंजिनासह निघाली तेच तिच्यात असेल आणि गाडी दुर्मीळ असेल, तर ते इंजिन बदलणं म्हणजे गाडीची निम्मी ओळख पुसणं. अशा गाडीत बदल करायचाच असेल तर उलट फिरवता येईल असाच करा. चासी कापायची नाही, जुन्या भोकांवरच नवे ब्रॅकेट. मूळ इंजिन कोपऱ्यात टाकून देऊ नका. पाणी पूर्ण काढा, सिलिंडरमध्ये तेल सोडा, सगळी तोंडं बंद करा आणि अधूनमधून क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) हाताने फिरवत राहा.

तिसरी नोंद कायद्याची. इंजिन बदलल्यावर नोंदणीत बदल करावा लागतो का, धुराची चाचणी गाडीच्या वर्षानुसार होते की इंजिनाच्या, विमा कंपनी काय म्हणते, हे प्रत्येक देशात वेगळं असतं. इंजिन विकत घेण्याआधी लेखी उत्तर घ्या. इंजिन चढल्यावर विचारलेल्या प्रश्नाला सोयीचं उत्तर सहसा मिळत नाही.

२. जुनं इंजिन खरंच गेलंय का?

ही पायरी लोक सर्रास गाळतात. थकलेल्या इंजिनाची गाडी चालवून "हिच्यात दमच नाही" असं ठरवणं सोपं असतं. झिजलेल्या रिंगा, बसलेले व्हॉल्व्ह आणि चुकलेलं टायमिंग असलेल्या इंजिनाची नव्या इंजिनाशी तुलना करणं म्हणजे आजारी माणसाला शर्यतीत उतरवणं.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याची मोजणी, अशी करा. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. प्रत्येक सिलिंडरला सारखेच, पाच-सहा झटके द्या आणि आकडा लिहा. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. एखादा कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांचा, तिथेच राहिला तर व्हॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर हेड गॅस्केटकडे बघा.

जमलं तर लीक-डाउन टेस्टही करा. सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते कान लावून ऐकायचं. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा तडा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण त्यातून पुढच्या दोन वर्षांची दिशा ठरते.

आकडे वाचतानाही एक खोच लक्षात ठेवा. १९७२ च्या आधीच्या अमेरिकन गाड्यांची हॉर्सपॉवर बहुधा 'ग्रॉस' असते, म्हणजे पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर असलं काही न लावता मोजलेली. १९७१ च्या कॉर्व्हेटमधलं एलटी-१ इंजिन ग्रॉसमध्ये ३३० आणि नेटमध्ये, म्हणजे हे सगळं लावून, २७५ हॉर्सपॉवरचं होतं. इंजिन एकच, वर्षही एकच. जुन्या माहितीपत्रकातला आकडा नव्या इंजिनाच्या आकड्याशेजारी ठेवताना हे ध्यानात नसेल तर हिशोब पहिल्याच ओळीत चुकतो.

३. तीन वाटा

पहिली वाट, आहे तेच इंजिन नीट बांधणं. मला विचाराल तर दहातल्या सात गाड्यांना ही वाट पुरते. ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडर रुंद करून, थोडी सीसी वाढवा. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन सुमारे १९५० सीसीपर्यंत नेण्याची रीत जुनी आणि पक्की आहे. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच एकत्र बॅलन्स करून घ्या. हेडचे पोर्ट (हवा आणि धूर जाण्याच्या वाटा) साफ करा, एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवा, कारण लोखंडी हेडच्या जुन्या सीट शिसंविरहित पेट्रोलवर झिजत जातात. कॉम्प्रेशन वाढवताना जे पेट्रोल रोज मिळतं त्याचं ऑक्टेन बघून वाढवा. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, निवडताना मात्र हात आखडता घ्या. कॅटलॉगमधला सगळ्यात 'गरम' कॅम टाकला की आयडलिंगला गाडी थरथरते आणि ३००० आरपीएमच्या खाली मेल्यासारखी वागते. रस्त्यावरची गाडी तर बहुतेक वेळ त्याच खालच्या भागात चालते.

दुसरी वाट, त्याच घराण्यातला थोरला भाऊ. ही माझी आवडती. डॅटसन २४०झेडचं एल२४ इंजिन २३९३ सीसीचं आहे. त्याच एल मालिकेतलं एल२८ २७५३ सीसीचं, आणि ते जवळजवळ जुन्याच जागी, जुन्याच माउंटिंगवर बसतं. अल्फा रोमिओच्या १०५ मालिकेतही १२९०, १५७०, १७७९ आणि १९६२ सीसीची इंजिनं एकाच कुळातली. या वाटेवर वेल्डिंग कमी आणि बाहेरून बघणाऱ्याला बदल कळतही नाही. मुख्य म्हणजे अडलात तर आधी त्या वाटेने गेलेली शेकडो माणसं असतात.

तिसरी वाट, परकं इंजिन. हिची परंपराही छोटी नाही. १९६२ मध्ये एसी कंपनीच्या 'एस' या गाडीत फोर्डचं व्ही८ घालून कोब्रा झाली, १९६४ मध्ये सनबीम अल्पाइनमध्ये तसंच व्ही८ घालून टायगर झाली. ही वाट धरण्याची कारणं मोजकीच असावीत: मूळ इंजिनाचे सुटे भाग मिळत नाहीत, ब्लॉकला तडा गेला आहे, किंवा मूळ रचनेतच खोट आहे. तिसऱ्या कारणाचं उदाहरण ट्रायम्फ स्टॅग. तिचं २९९७ सीसीचं व्ही८ तापण्यासाठी कुप्रसिद्ध होतं, म्हणून कित्येक मालकांनी त्या काळी रोव्हर व्ही८ बसवलं. पुढे मूळ इंजिनाचं थंडपण सांभाळण्याचे उपाय रुळले आणि मूळ इंजिन शाबूत असलेल्या स्टॅगला जास्त मान मिळू लागला. ज्यांनी जुनं इंजिन भंगारात घातलं होतं ते हळहळले.

परक्या इंजिनाचा मुख्य धोका म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इंजिन स्वस्तात मिळतं. मग इंजिन गिअरबॉक्सला जुळवणारी अडॅप्टर प्लेट, त्यांच्यामधलं बेलहाउसिंग, सम्प, एक्झॉस्ट, रेडिएटर, वायरिंग, ड्राइव्हशाफ्ट... यादी लिहायला बसलात की इंजिन हा त्यातला सगळ्यात छोटा खर्च निघतो.

४. मोजपट्टी, वजनकाटा आणि क्लेचे गोळे

गाडी पूर्ण असतानाच वजनकाट्यावर न्या. आधी पुढची चाकं, मग मागची, मग अख्खी गाडी. समजा गाडी ९५० किलोची आहे आणि पुढे ५२ टक्के, म्हणजे ४९४ किलो आहेत. नवं इंजिन ६० किलोंनी जड आणि नेमकं पुढच्या ॲक्सलवर बसणारं असेल, तर पुढे ५५४ आणि एकूण १०१०. म्हणजे जवळपास ५५ टक्के. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण पार्किंग करताना स्टिअरिंग हाताला ते सांगतं आणि वळणात गाडी सांगते. माझी मर्यादा दोन टक्क्यांची. त्यापुढे जात असाल तर इंजिन मागे सरकवता येतं का, बॅटरी डिकीत नेता येते का, हे आधी बघा. आणि वजनाची तुलना करताना दोन्ही इंजिनं सारख्याच अवस्थेत मोजा. कोणी अल्टरनेटर, स्टार्टर, फ्लायव्हील धरून सांगतो, कोणी नुसता ब्लॉक आणि हेड.

मग आकार. इंजिनाची लांबी-रुंदी लोक मोजतात, पण ते अडतं बहुधा सम्पवर, म्हणजे खालच्या ऑइल चेंबरवर. चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे? गाडीचा क्रॉसमेंबर (चासीचा आडवा दांडा) आणि स्टिअरिंग रॅक कुठून जातो? हे दोन जुळले नाहीत तर सम्प कापून नवा बनवावा लागतो, आणि मग आतला ऑइल पिकअपही बदलावा लागतो. इंजिन वर उचलून प्रश्न सुटत नाही. मग बॉनेट लागत नाही, आणि गाडीचा गुरुत्वमध्यही चढतो.

नेमकी जागा कळायला क्लेची युक्ती वापरा. मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या, तिचे बोटभर उंचीचे गोळे करा. एअर क्लीनरवर, रॉकर कव्हरच्या वरच्या कोपऱ्यावर, एक्झॉस्ट आणि स्टिअरिंगच्या दांड्यामध्ये असे ठेवा. गोळा बॉनेटला चिकटू नये म्हणून वर प्लास्टिकचा तुकडा लावा. बॉनेट हळू बंद करा, उघडा, आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, जोर लावला की एका बाजूला झुकतं. त्यामुळे कुठेही २० मिलिमीटरहून कमी उरत असेल तर ती जागा पुरेशी नाही.

मी स्वतः एकदा हे सगळं नीट मोजलं आणि ऑइल फिल्टर विसरलो. इंजिन बसलं, सुरू झालं, सुरेख चाललं. पहिल्या ऑइल बदलाच्या वेळी लक्षात आलं की फिल्टर फिरतो, पण खाली यायला चासीच्या दांड्याआड जागाच नाही. इंजिनाची एक बाजू जॅकवर उचलून तो काढला, आणि त्याच संध्याकाळी फिल्टर लांब नेणारी नळीची जोडणी करायला घेतली. तेव्हापासून रिकाम्या चासीत इंजिन लटकवलेलं असतानाच मी फिल्टर, प्रत्येक प्लग, स्टार्टर आणि क्लचचा स्लेव्ह सिलिंडर एकदा काढून परत लावतो. सनबीम टायगरमध्ये काही प्लग बदलायला गाडीच्या आतून, बल्कहेडला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) पाडलेल्या भोकातलं रबरी बूच काढून हात घालावा लागतो. मोठ्या कंपनीलाही हे चुकलं नाही, यात मला थोडं समाधान आहे.

५. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत

इंजिनाचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये कितीतरी पट होऊन मागच्या ॲक्सलवर येतो. जुनं इंजिन १५० न्यूटन-मीटरचं, पहिला गिअर ३.४ आणि डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलचा गिअर) ३.९ धरा. १५० × ३.४ × ३.९ म्हणजे जवळपास १९९०. आता २६० न्यूटन-मीटरचं इंजिन लावा: जवळपास ३४५०. गिअरबॉक्स, युनिव्हर्सल जॉइंट, क्राउन-पिनियन, हाफशाफ्ट यांना हा नवा आकडा सोसायचा आहे. डिफरन्शियल ३.०७ चं केलं तर तोच आकडा २७१५ च्या आसपास येतो. एमजीबी जीटी व्ही८ ला कारखान्याने ३.०७ च दिलं होतं.

अशा 'उंच', म्हणजे कमी आकड्याच्या, डिफरन्शियलचा दुसरा फायदा हायवेवर दिसतो. चाकाचा घेर १.९ मीटर आणि वरचा गिअर १:१ असेल, तर ३.९ वर ४००० आरपीएमला ताशी ११७ किलोमीटर होतात. ३.०७ वर त्याच वेगाला ३१५० आरपीएम पुरतात. इतका फरक कानाला, पेट्रोलला आणि इंजिनाच्या आयुष्याला पडतो. कित्येकदा माणूस मोठ्या इंजिनाच्या मागे लागतो, आणि त्याला खरं हवं असतं ते ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरला जोडलेला जादा गिअर) किंवा पाच गिअरचा बॉक्स. मूळ इंजिन, चांगलं बांधलेलं, आणि पाचवा गिअर: ही जोडी आधी चालवून बघा असं मी आग्रहाने सांगेन.

अडॅप्टर प्लेट वापरणार असाल तर क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आहे का हे डायल गेजने तपासा. फ्लायव्हीलवर गेज बसवून क्रँक फिरवा आणि बेलहाउसिंगच्या मधल्या भोकाभोवती काटा किती हलतो ते बघा. ०.१३ मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर प्लेट परत द्या किंवा डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) बदला. हे सोडलंत तर क्लच झटके देतो, गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग वाजायला लागतं, आणि दोष कशात आहे ते महिनोन् महिने सापडत नाही. ड्राइव्हशाफ्टचे कोनही बघा. गिअरबॉक्सचं टोक आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत, आणि प्रत्येक जॉइंटचा कोन तीन अंशांच्या आत.

६. पाणी, पेट्रोल, वीज

जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. रेडिएटर मोठा करण्याइतकंच गरम हवेला इंजिनाखालून बाहेर पडायला वाट देणं महत्त्वाचं. इंजिन एवढं ठासून बसवलं की हवा आत येते पण बाहेर जात नाही, तर कितीही मोठा रेडिएटर उपयोगाचा नाही.

कार्ब्युरेटरला पेट्रोलचा दाब अगदी थोडा लागतो, एसयू कार्ब्युरेटरला जेमतेम ०.२ बार. इंजेक्शनला साधारण ३ बार. म्हणजे जुना पंप, जुन्या रबरी नळ्या, साधे क्लिप सगळं बदललं पाहिजे. टाकीकडे परत जाणारी नळी हवी. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो, म्हणून मध्ये एक छोटी साठवण टाकीही हवी. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या.

साठीच्या दशकातल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांची चासी बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली असते. आधुनिक अल्टरनेटर किंवा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) अशा गाडीत लावला तर पहिल्याच क्षणी जळतो. वायरिंगला हात लावायच्या आधी गाडी निगेटिव्ह अर्थवर आणा. डायनामोच्या काळातल्या तारा अल्टरनेटरचा करंट वाहायला बारीक पडतात, त्याही बदला.

ब्रेकबद्दल एवढंच की वेग दीडपट झाला तर थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. ब्रेक आधी, इंजिन नंतर.

७. विकत घेताना आणि चढवताना

परकं इंजिन घ्यायचं असेल तर शक्यतो अख्खी गाडी घ्या, आणि ती चालू असतानाच. नुसत्या इंजिनासोबत ईसीयू येतो पण किल्ली आणि तिचा रीडर येत नाही, मग इमोबिलायझर इंजिन सुरूच होऊ देत नाही. सेन्सर, वायरिंगचा पूर्ण गुच्छ, गॅस पेडल, सगळं एकाच गाडीतलं असू द्या. तार कापू नका, जोडणी सोडवा आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावा.

इंजिनाची ट्रायल बॉडीला रंग लावण्याआधी. हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं आहे. ब्रॅकेट वेल्ड होणार, बल्कहेडला भोक पडणार, गिअरबॉक्सवरच्या बोगद्याला हातोडा बसणार. सगळं एकदा बसवा, सगळं उतरवा, मग रंग.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून स्टार्टरने फिरवा, ऑइल प्रेशर गेजचा काटा हलेपर्यंत. जुन्या पद्धतीचे सपाट टॅपेट (कॅमवर घासत चालणारे ठोकळे) आणि नवा कॅम असेल तर भरपूर झिंक असलेलं ऑइल घाला, आणि सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं चालवा. आयडलवर सोडलंत तर कॅमचे उंचवटे तिथेच खरवडले जातात. म्हणून टायमिंग, पाणी आणि पेट्रोल सुरू करण्यापूर्वीच तपासलेलं हवं. मध्येच बंद करायची वेळ येऊ नये.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा क्ले काढा. नवी रबरी माउंटिंग इंजिनाच्या वजनाखाली दबतात आणि इंजिन काही मिलिमीटर खाली येतं. बॉनेटखालची जागा वाढलेली दिसेल, पण सम्प आणि क्रॉसमेंबरमधली तेवढीच कमी झालेली असेल. पाना आणि टॉर्च घेऊन आधी गाडीखाली जा, बॉनेट नंतर.